चारोळीचा पाव आणि आत्याचा फणस

एका जंगलात, मुलांनो, सगळे जण आपापल्या झाडाखाली बसून आपापल्या झाडाचं फळ खात असत. निदान चारोळीची तरी तशी समजूत होती.

चारोळी ही अस्वलाची मुलगी. लहानपणीच ती उत्तरेकडच्या बर्फात शिकायला गेली. तिथे पांढऱ्या अस्वलांच्या शाळेत तिने 'मुळांकडे परत जाणे' हा विषय घेतला. हा विषय शिकायचा तर आधी मुळांपासून पुष्कळ लांब जावं लागतं. चारोळी त्यात पहिली आली.

ती पांढऱ्या अस्वलांना सांगे, की आमच्या जंगलात प्रत्येकाच्या दाराशी एक झाड असतं आणि प्रत्येकाच्या घरात एक चूल असते. भूक लागली की हात वर करायचा. फळ तोडायचं, चुलीवरची गरम भाकर घ्यायची आणि झाडाखाली मांडी घालून जेवायचं. आमच्या दाराशी तर फणस आहे. पांढरी अस्वलं हे ऐकून डोळे पुसत. मग उठून मासे खायला जात.

शिक्षण संपल्यावर चारोळी परत निघाली. तिची आई लहानपणीच गेली होती, बाप दुसऱ्या डोंगरावर मध काढायला गेला तो तिकडेच रमला होता. घरी होती ती एकटी मोहाआत्या. चारोळी वाटभर मनात चित्र रंगवत आली. आत्या फणसाखाली बसलेली असेल. तिच्या पुढ्यात पानावर पिवळेधमक गरे असतील. ती म्हणेल, ये बाळ, हात धू आणि बस.

आत्या फणसाखाली नव्हती. ती ओट्यावर बसली होती, आणि तेही झाडाकडे पाठ करून. तिच्या एका पंज्यात चहाची वाटी होती. दुसऱ्या पंज्यात टोस्ट होता. ती तो चहात बुडवत होती.

झाड मात्र तसंच होतं. खोडाला फणस इतके लगडले होते की खोड दिसत नव्हतं. काही पिकून पडले होते, फुटले होते, आणि त्यांच्यावर माश्यांची जत्रा भरली होती.

"आत्या, हे काय खातेस?"

"टोस्ट. कावळा आणतो शहरातून. घे, ताजा पुडा आहे."

"आणि दाराशी फणस आहे तो?"

"तो आपला आहे," आत्या म्हणाली.

शेजारच्या घरात भूत आहे असं सांगतात ना, तसं म्हणाली.

मुलांनो, आता त्या जंगलाची एक रीत सांगितली पाहिजे. रीत फार जुनी होती आणि फार चांगली होती. चांगल्या रीतींचं हेच वाईट असतं, की त्या मोडता येत नाहीत.

रीत अशी, की आपल्या झाडाला फळ लागलं तर आधी शेजाऱ्याला द्यायचं. याला वानवळा म्हणतात. शेजाऱ्याने ते घ्यायचं आणि टोपली परत पाठवायची. पण टोपली रिकामी पाठवायची नाही. तीत काहीतरी घालायचं. इथवर सगळं छान होतं. पण आलेलं फळ खाऊन टाकलं, तर पुढच्या टोपलीत घालायला काय उरणार? म्हणून जो तो आलेलं फळ दुसऱ्या टोपलीत घाली आणि पुढे पाठवी. साळिंदराचे आंबे वानरिणीकडे जात. वानरिणीची जांभळं मोराकडे जात. मोर आंबे आणि जांभळं दोन्ही कोल्हिणीकडे पाठवी. अशी सगळ्या जंगलाची फळं जंगलभर हिंडत आणि हिंडता हिंडता नासून जात. मग सगळे टोस्ट खात.

आपलं फळ आपणच खाणं ही तर शरमेची गोष्ट होती. चारोळीच्या आजोबांनी एकदा भर दुपारी आपल्याच झाडाखाली बसून आपलाच फणस खाल्ला होता. आजोबा जाऊन जमाना लोटला, तरी त्या घराला अजून 'हावऱ्यांचं घर' म्हणत.

"त्यात हा फणस," आत्या म्हणाली. "दुसऱ्यांची झाडं हलकी, त्यांचं बरं आहे. मी उचलायचा, मी फोडायचा, अंगभर चीक लावून घ्यायचा, घरोघरी गरे पोचवायचे. आणि बोटाला लागलेला रससुद्धा चाटायचा नाही. शेजारचा कुशाबा कुंपणावरून बघत असतो. नको झालंय मला. पौर्णिमा झाली की सोंडेराव येतील."

सोंडेराव म्हणजे हत्ती. नको झालेली झाडं ढकलून द्यायचं काम ते करीत.

चारोळीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. बर्फात जेव्हा जेव्हा तिला रडू आलं होतं, तेव्हा तेव्हा तिने डोळे मिटून हेच झाड बघितलं होतं. ती म्हणाली, झाड पडणार नाही. आत्या म्हणाली, मग तू पोचव गरे. चारोळी म्हणाली, गरे पोचवायचे नाहीत, खायचे. आत्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळू बोल म्हणाली.

पण चारोळी हळू बोलायला शिकलीच नव्हती. ती पहिली आली होती.

तिच्याजवळ एक मडकं होतं. सबंध प्रवासात तिने ते पोटाशी धरून आणलं होतं. त्यात खमीर होतं. पीठ आणि पाणी एकत्र करून आंबू द्यायचं, रोज थोडं पीठ चारायचं, की झालं खमीर. पांढऱ्या अस्वलांच्या हेडबाईंनी ते तिला निरोपाच्या वेळी दिलं होतं. त्यांच्या पणजीच्या काळापासून ते जिवंत होतं म्हणे. या खमिराने पाव फुगतो. हेडबाई म्हणाल्या होत्या, घरच्या पावाचा वास दरवळला की जंगल जागं होतं.

जंगल जागं झालं, यात शंका नाही. बर्फात ते खमीर थंडपणे पडून असे. इथल्या उन्हाळ्यात ते उसळू लागलं. दुसऱ्याच दिवशी मडक्यावरचं झाकण उडालं. वास असा सुटला, की शेजारचा कुशाबा साळिंदर कुंपणाशी येऊन अदबीने विचारता झाला, मोहाताई, घरात कुणी गेलंय का?

चारोळीने त्याला खमीर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. कुशाबाने नाक धरून सगळं ऐकलं आणि त्या दिवसापासून त्या बाजूची खिडकी बंद ठेवली.

मग चारोळीने पाव करायला घेतला. तिने नाचणी दळली. झाडाखाली फुटून पडलेल्या फणसांतल्या आठळ्या वेचल्या, वाळवल्या, त्यांचं पीठ केलं. आठळ्यांबद्दल रीत काही सांगत नव्हती. भट्टी म्हणून एक रिकामं वारूळ घेतलं. पहाटे त्यात लाकडं पेटवली, निखारे बाजूला ओढले, आणि खमीर घालून मळलेला गोळा आत सारला. सारण्याआधी त्यावर आपला पंजा उमटवला, खूण म्हणून.

पाव बाहेर आला तेव्हा तो तांबूस होता, गोल होता आणि पंज्याचा ठसा त्यावर स्पष्ट उठला होता. चारोळीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्यावर बोटाने वाजवून बघितलं. आतून लाकडासारखा आवाज आला. हेडबाई म्हणत, वाजला पाहिजे. हा फारच चांगला वाजत होता.

तो तिने कापला नाही. एवढा पहिला पाव आपणच खायचा म्हणजे हावरटपणा, असं तिच्या मनात आलं. शिक्षण कितीही झालं तरी घरचं वळण जात नाही, मुलांनो. तिने तो आत्याच्या टोपलीत ठेवला आणि कुशाबाकडे नेऊन दिला. सोबत निरोप दिला, की हा आमच्या घरचा पाव. खा आणि तुम्हीही करा. आपल्या चुलीचा पाव आणि आपल्या झाडाचं फळ, आपल्या दारात, उघड्यावर.

संध्याकाळी टोपली परत आली. तीत जांभळं होती. पाव नव्हता.

"खाल्ला," चारोळी म्हणाली.

"हं," आत्या म्हणाली.

मग कौतुकाचा पाऊस पडू लागला. कुशाबाने कुंपणावरून सांगितलं की असा पाव त्याने जन्मात खाल्ला नव्हता. मोराने दोन दिवसांनी वाटेत थांबवून पावाच्या आंबटपणाचं फार वर्णन केलं. ससा म्हणाला, वजनदार होता. वानरीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं मौन असे. पण त्यांनी दोन्ही हात जोडले.

चारोळी मोजत गेली आणि तिला थोडं नवल वाटलं, की एवढ्याशा पावात इतके जण कसे जेवले. मग तिला वाटलं, चांगल्या गोष्टी वाटून खाल्ल्या की पुरतातच.

तिने सभा बोलावली. सभा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, फणसाखाली. त्याच सकाळी सोंडेराव येणार होते. येऊ देत, चारोळी म्हणाली. सगळं जंगल आपापला पाव आणि आपापलं फळ घेऊन झाडाखाली उघड्यावर जेवत असेल. त्यांच्यादेखत मी आत्याला पहिला गरा देईन. मग बघू कोण झाड ढकलतं.

आत्याने टोस्ट चहात बुडवला. तो जरा जास्तच बुडला आणि तुटून खाली गेला.

सभेच्या आदल्या संध्याकाळी कोल्हीणकाकू आली. तिच्या हातात टोपली होती. टोपलीवर पळसाचं पान झाकलेलं होतं.

"मोहाताई, म्हटलं उद्या सभा आहे तर आजच देऊन यावं," ती म्हणाली. "घरी केलाय. गोड मानून घ्या."

चारोळीने पान उचललं. आत एक पाव होता. तांबूस, गोल. अख्खा. त्यावर अस्वलाचा पंजा उमटलेला होता.

"काकू, हा तुम्ही केलात?"

"मग कोण? आमच्याकडे पूर्वीपासून करतात."

"आणि हा पंजा?"

"नक्षी आहे ती," कोल्हीणकाकू म्हणाली.

चारोळीने त्या ठशाकडे बघितलं. मग कोल्हीणकाकूच्या इवल्याशा पायाकडे बघितलं. कोल्हीणकाकूने पाय शेपटीखाली घेतला आणि चूल पेटत ठेवून आलेय म्हणत निघून गेली.

चारोळीने पाव काखेत मारला आणि ती तडक कुशाबाकडे गेली. दार बंद होतं. तिने हाक मारली. आतून काही तरी लपवल्याचा आवाज आला. मग तिने दार ढकललं. अस्वलाने दार ढकललं की ते उघडतं.

कुशाबा कोपऱ्यात बसला होता. त्याच्या पुढ्यात त्याच्याच झाडाचे आंबे होते. रस कोपरापर्यंत ओघळला होता. पाठीवरच्या काट्यांना आंब्याच्या साली अडकल्या होत्या, आणि एका काट्यावर कोय होती.

"आधी दार लाव," कुशाबा म्हणाला.

चारोळीने दार लावलं. कुशाबाने तोंड पुसलं. पुसून काही फरक पडला नाही.

"कुशाकाका, हे तुमचेच आंबे ना?"

"हळू बोल. माझेच. दुसऱ्याचे कशाला खाऊ? ते नासके असतात."

मग कुशाबाने तिला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पोरी, इथे सगळेच आपलं फळ खातात. चांगलं ते दार लावून आपण खायचं, डागाळलेलं ते टोपलीत घालून पुढे लोटायचं. मोर करवंदाच्या जाळीत शिरतो आणि म्हणतो नाचाचा सराव करतोय. वानरीणबाई जांभळं खातात आणि मग जिभेचा जांभळा रंग जाईपर्यंत तोंड उघडत नाहीत. आपण म्हणतो मौन आहे.

"आणि पाव?"

कुशाबा ओशाळला. त्याने पाठ वळवून एक काटा दाखवला. तो टोकाशी मोडला होता.

"आधी दाताने बघितला. मग काट्याने. तू शिकून आलेली, वाटलं असाच असायचा. मग दिला पुढे."

"मग तुम्ही सगळे मिळून माझ्या आत्याला हावरट का म्हणता? तिनेही दार लावून खाल्लं असतं."

कुशाबाने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"आंबा दाराआड खाता येतो, बाळ. फणस नाही खाता येत. तुझ्या आत्याने एक गरा तोंडात घातला, तरी तीन टेकड्यांना वास जातो. सगळ्या जंगलात लपवता न येणारं फळ तेवढं एकच. म्हणून तर बिचारीने झाडाकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली."

चारोळी घरी निघाली. काखेत पाव, डोक्यात आग. तिने ठरवलं, की उद्या सभेत एकेकाचं नाव घ्यायचं. कुशाबाच्या काट्यांवरच्या साली दाखवायच्या. वानरीणबाईंना जीभ काढायला लावायची. हे जंगल खोटं आहे, हे सोंडेरावांसमोर सिद्ध करायचं. बर्फात एवढी वर्षं काढली ती याचसाठी.

घराजवळ येताच तिला नाक धरावं लागलं. दिवसभर तिने खमिराला पीठ चारलं नव्हतं. ते रागावून मडक्याबाहेर आलं होतं, ओट्यावरून उतरलं होतं आणि पायरीपर्यंत पोचलं होतं. वास असा होता, की झाडावरच्या वटवाघळांनी जागा सोडली होती.

घराचं दार बंद होतं. चारोळीने ते ढकललं.

आत्या जमिनीवर बसली होती. तिचे दोन्ही पंजे तेलाने चकाकत होते. चीक लागू नये म्हणून फणस फोडण्याआधी तेल लावतात, मुलांनो. तिच्यासमोर अख्खा बरका फणस उलगडलेला होता. बरका म्हणजे रसाळ जातीचा. आत्याचे डोळे मिटले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"आत्या."

आत्या दचकली. मग तिने तोंडातलं गिळलं, आणि म्हणाली, आधी दार लाव.

त्याच वेळी बाहेरून कुशाबाची हाक आली. तो बहुधा चारोळीची समजूत काढायला मागोमाग आला होता. पण पायरीपाशीच थांबला.

"मोहाताई, पोरीचं ते मडकं जरा मागल्या बाजूला ठेवा हो. डोकं उठलं माझं. दुसरं काही हुंगताच येईना."

"ठेवते," आत्या तोंडात गरा ठेवून म्हणाली. कुशाबाची पावलं लांब गेली.

आत्याने चारोळीकडे बघितलं. चारोळीने आत्याकडे.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "तुझ्या मडक्यापुढे फणसाला कोण विचारतो? मी आठ घास खाल्ले. तीन टेकड्या गप्प आहेत."

चारोळीने पाव जमिनीवर आपटला. पावाला काही झालं नाही. ती म्हणाली, उद्या मी सगळ्यांची नावं घेणार. सगळे लपून खातात. सगळे खोटे आहेत. उघड्यावर खायला काय हरकत आहे?

"घे नावं," आत्या म्हणाली. "कुशाबा लाजेने आंबे सोडेल आणि म्हातारपणी टोस्ट खाईल. वानरीण जांभूळ तोडून टाकेल. मी तर म्हणते, उद्या सोंडेरावांना सगळीकडेच काम मिळेल. उघड्यावर खायचं तर सगळं जंगल सुधारावं लागतं, चारू. आत खायचं तर नुसतं दार लावावं लागतं."

चारोळीला हेडबाई आठवल्या, डोळे पुसणारी पांढरी अस्वलं आठवली. तिला भूकही लागली होती. तिने खाली बसून पाव उचलला आणि चावायचा प्रयत्न केला. दात वाजले.

"टोस्ट बुडवतात तसा बुडव," आत्या म्हणाली.

तिने दगडावर आपटून पावाचा तुकडा काढला आणि फणसाच्या रसात बुडवला. पाव रस प्यायला. पीत राहिला. आतून मऊ झाला. चारोळीने तो तोंडात घातला.

मुलांनो, त्या चवीबद्दल ती पुढे कधीही, कुठेही, काहीही बोलली नाही. तिने डोळे मिटले. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बर्फात डोळे मिटून बघितलेलं ते झाड आठवलं नाही. ते पाठीमागे, दाराबाहेर, उभंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. सगळे आले. कुणीही पाव आणला नव्हता. कुणीही फळ आणलं नव्हतं. सगळे मडक्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला बसले होते.

सोंडेराव वेळेवर आले. त्यांनी झाडाला खांदा लावण्याआधी सोंड उंच केली आणि हवा हुंगली. हत्तीचं नाक ते. मडक्याआडचं त्यांना सगळं कळलं. त्यांनी सोंड हळूच बंद दाराच्या फटीकडे नेली. चारोळी आत गेली आणि पदराआड झाकून आणावं तसं काहीतरी पानाआड झाकून घेऊन आली. सोंडेरावांनी ते तोंडात टाकलं.

"या वासात काम होणार नाही," ते मग मोठ्याने म्हणाले. "झाड राहू दे. दर आठवड्याला येऊन वास कमी झाला का ते मी बघत जाईन."

चारोळी ओट्यावर चढली. सगळं जंगल तिच्याकडे बघू लागलं. कुशाबाने काटे मिटून घेतले. वानरीणबाईंनी ओठ घट्ट दाबले. चारोळीच्या डोक्यात सगळ्यांची नावं तयार होती. ती क्रमाने लावलेली होती.

तिच्या हनुवटीच्या केसांना फणसाचा एक पिवळा तंतू चिकटला होता. तो सगळ्यांना दिसला. कुणी काही बोललं नाही.

चारोळीने घसा साफ केला. ती म्हणाली, की आपल्या चुलीचा पाव आणि आपल्या झाडाचं फळ यावाचून या जंगलाला तरणोपाय नाही. पण काम मोठं आहे, घाई करून चालणार नाही. तोवर तिने एक निर्णय घेतला आहे. आजपासून ती रोज पाव भाजणार, रोज तो शेजारी पाठवणार, आणि खमिराचं मडकं कायम उंबऱ्यावर उघडं ठेवणार.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जो तो घाईघाईने आपापल्या घरी गेला. आणि एकामागून एक, जंगलभर, दारं लागल्याचे आवाज आले.

तात्पर्य: घरचा पाव इतका कडक भाजावा, की तो जंगलभर फिरून अख्खाच्या अख्खा घरी यावा. आणि क्रांती करायचीच झाली, तर तिला इतका उग्र वास असू द्यावा, की तिच्याआड बसून आपल्या झाडाचं फळ निवांत खाता येईल.